सत्राच्या मध्यात बाळ झालं तर रजेचा हिशेब कसा करायचा?

प्रश्न
आमच्या विद्यापीठात रजेचे नियम नव्याने लिहिले जात आहेत. मसुदा समितीत घरी तान्हं मूल असलेली मी एकटीच. मसुद्यात भरपगारी रजेचे आठवडे वाढवलेत, बाकी काही नाही. माझी रजा संपली तेव्हा सत्राचे पाच आठवडे उरले होते. बदली शिक्षकाने वेगळ्याच क्रमाने शिकवलेला वर्ग अर्ध्यावर माझ्या हाती आला. त्याआधी रजेतही पीएचडीचे दोन विद्यार्थी प्रकरणं पाठवत होते. बाळ अकरा दिवसांचं होतं, डाव्या खांद्यावर झोपलेलं, आणि मी उजव्या हाताने तळटिपा तपासत होते. कुणी सक्ती केली नव्हती, पण त्या मुलांची मुदत थोडीच थांबली होती? मसुद्यात नेमकं काय घालायचा आग्रह धरू?

निवृत्त विभागप्रमुख
ताई, आधी पैशाचं बघा. बदली शिक्षकाचं मानधन विभागाच्या अंदाजपत्रकातून जात असेल, तर प्रत्येक रजा सहकाऱ्यांच्या डोक्यावर बसते. माझ्याकडे रजेचा अर्ज आला की मी आधी वेळापत्रक उघडायचो, अभिनंदन त्यानंतर करायचो. याची मला आजही लाज वाटते. एकदा एकीच्या तासिका चौघांत वाटल्या. त्याच चौघांतली एक पुढच्या वर्षी स्वतःची रजा मागायला आली, तेव्हा तिने माझी माफी मागितली. बाळ होणार म्हणून माफी! बदलीचा खर्च विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीतून करा, आणि बाळ सत्रात कधीही जन्मलं तरी त्या सत्रात शिकवण्याचा कार्यभार शून्य ठेवा. निम्मं सत्र कुणाच्याच कामाचं नसतं, विद्यार्थ्यांच्याही नाही.

संशोधनवाली
कायम नेमणुकीची मुदत, म्हणजे ज्या ठरावीक वर्षांत संशोधन दाखवून कायम व्हायचं असतं ती, वाढवण्याचं कलम घालणार असाल तर जपून. अमेरिकेतल्या नामवंत अर्थशास्त्र विभागांवर अँटेकॉल, बेडार्ड आणि स्टर्न्स यांचा २०१८ चा अभ्यास आहे. आई-वडील दोघांनाही सरसकट एक वर्ष वाढवून दिल्यावर तिथे पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. वाढीव काळात पुरुषांचे मोठ्या नियतकालिकांतले लेख वाढले, बायकांचे तसे वाढले नाहीत. संशोधनाला निधी देणारी युरोपीय संशोधन परिषद अर्जाच्या पात्रतेची मुदत मोजताना आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते, वडिलांना मात्र प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकेच. मला हे न्याय्य वाटतं.

एक बाप
अभ्यास मान्य. पण तो दाखवून आमच्या समितीने वडिलांची रजाच कापली, तेही चूक आहे. मला दोन आठवडे मिळाले. पंधराव्या दिवशी मी वर्गात उभा होतो आणि घरी बायकोला टाक्यांमुळे धड उठता येत नव्हतं. स्वीडनमध्ये १९७४ पासून रजा दोघांसाठी खुली आहे, तरी वडील ती फारशी घेत नव्हते. १९९५ मध्ये एक महिना फक्त त्यांच्या नावे राखून ठेवला, तेव्हा घेणारे वाढले. आता ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. तसे राखीव दिवस मागा. मुदतवाढ हवी तर रजा खरोखर घेतली पाहिजे, अशी अट जोडा.

कंत्राटी
आमचं काय? गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात माझं कंत्राट संपलं आणि पुढचं आलंच नाही. रजा नाकारली असं कागदावर कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० च्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवडे आहेत, आणि तो कायम नोकरीवाल्यांपुरता नाही. तुमच्या मसुद्यात 'कायम प्राध्यापक' असा शब्द असेल तर आधी तो बदला.

मूळ प्रश्नकर्ती
आत्ताच मसुदा उघडला. पहिल्याच ओळीत 'कायम' आहे. तो खोडून 'विद्यापीठात शिकवणारी प्रत्येक व्यक्ती' असं लिहिलंय, आणि रजेच्या काळात कंत्राट संपत असेल तर ते रजा पूर्ण होईपर्यंत वाढेल, असं कलम जोडलंय. सर, मध्यवर्ती निधीवर वित्त विभाग अडून बसेल. तुमचा माफीचा प्रसंग नाव न घेता बैठकीत सांगितला तर चालेल का? पीएचडीच्या मुलांसाठी रजेआधीच सहमार्गदर्शक नेमायचा, असंही लिहिलंय, पण त्या सहमार्गदर्शकाचा कार्यभार कुठे मोजायचा ते सुचत नाहीये. कुणाकडे तशी सोय असेल तर कलमाची भाषा इथे द्या. बैठक गुरुवारी आहे.