परदेशी सेवाकार्य आणि घरचीच शाळा : दिवस कसा बसवावा?

प्रश्न : वडगावशेरीची आई

सर्वांना सलाम. माझे यजमान पाणीपुरवठ्याचे अभियंते आहेत आणि आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वतीने तीन वर्षांच्या सेवेसाठी आम्ही सहकुटुंब येत्या जानेवारीत पश्चिम केनियात, किसुमूपासून दोन तासांवरच्या एका गावी जाणार आहोत. मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते, मुलगा सहा वर्षांचा आहे. मिशनरी कुटुंबांतील मुलांसाठी केनियातच किजाबे येथे १९०६ सालापासून निवासी शाळा आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु एवढ्या लहान वयात मुलांना दृष्टीआड ठेवण्यास मन धजत नाही, म्हणून घरीच शिकवायचे आम्ही प्रार्थनापूर्वक ठरवले आहे.

माझी चिंता पुस्तकांपेक्षा दिवसाची आहे. इथे सासूबाईंचा हात आहे, भांड्यांना मावशी येतात, पीठ गिरणीतून दळून मिळते. तिथे पाणी, स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी, स्त्रियांची प्रार्थनासभा आणि दोन वेगवेगळ्या इयत्तांचा अभ्यास हे सारे एका दिवसात कसे बसवायचे? सेवेसाठी जाऊन मी निम्मा दिवस मुलांपाशीच बसले, तर ज्यांनी आम्हाला पाठवले त्यांचा विश्वास मी राखला असे होईल का, हा प्रश्नही मनातून जात नाही. शिवाय मुलांचे मराठी टिकेल का आणि परतल्यावर मुलीला सातवीत प्रवेश मिळेल का, हेही कळावे.

उत्तर १ : सहा वर्षे केनियात राहून परतलेली, वानवडी

ताई, सलाम. विश्वासाचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला नाही तर वेळापत्रक कितीही चांगले आखले तरी मोडते. मुलांचे शिक्षण हा तुमच्या सेवेचाच भाग आहे, हे निघण्यापूर्वी मंडळीच्या पंचांशी बोलून स्पष्ट ठरवून घ्या. आम्ही ते केले नाही. पहिले वर्षभर मी रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या बैठकीला जात राहिले आणि मुलांच्या वह्या दुपारी, त्यांचे डोळे मिटत असताना उघडत राहिले. त्या वर्षी मोठ्याचा भागाकार कच्चा राहिला, तो पुढे दोन वर्षे निस्तरावा लागला.

तिथे पाहुणा दाराशी येऊन ‘होडी?’ असे विचारतो आणि आपण ‘करीबू’ म्हणून त्याला आत बोलवायचे असते. (आमच्या धाकटीला पहिले काही दिवस रोज कुणीतरी खरीच होडी घेऊन आले आहे असेच वाटत असे.) ही हाक सकाळी सातपासून सुरू होते आणि दार न उघडणे हा तिथे मोठा अनादर समजतात. दुसऱ्या वर्षी मी स्त्रियांच्या सभेत उभी राहून सांगितले की, आठ ते साडेअकरा माझ्या घरात शाळा भरते आणि त्यानंतर चहाचे आधण ठेवलेले असते. शाळा हा शब्द त्यांनी फार आदराने घेतला. शेजारच्या एक आजी मात्र तरीही नऊला येत, ओट्यावर शेंगा सोलत बसत आणि मुले त्यांना किस्वाहिली, म्हणजे तिथली भाषा, वाचून दाखवत. चुकीचा उच्चार झाला की त्या हात थांबवून तो दुरुस्त करत. त्यांना मी कधीही परत पाठवले नाही.

विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर सकाळी साडेसहाच्या आसपासच उजाडते, त्यामुळे ऋतूनुसार वेळा बदलाव्या लागत नाहीत. पाणी भरणे आणि उकळणे आठच्या आत उरका. इतिहास, पवित्र शास्त्र आणि परिसर अभ्यास दोघांना एकत्र शिकवा. गणित व भाषा स्वतंत्र घ्या आणि मुलगी उदाहरणे सोडवत असताना धाकट्याचे वाचन ऐका. वीज वारंवार जाते, म्हणून पुस्तके पुण्यातूनच छापून, बांधून न्या. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, रस्ते चिखलाचे होतात, येणारी-जाणारी माणसे कमी होतात. आमचा निम्मा अभ्यास त्या तीन महिन्यांत पुढे जात असे. मच्छरदाणीत कुचराई करू नका, ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि अशा आजारपणांसाठी वर्षाच्या आराखड्यात चार आठवडे मोकळे ठेवा.

स्वयंपाकाची काळजी नको. नाचणीला तिथे ‘विंबी’ म्हणतात आणि तिची ‘उजी’ म्हणजे जवळजवळ आपली आंबीलच. घड्याळाची मात्र मुलांना तयारी द्या, कारण किस्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास. आमच्या मुलांना आजोबांनी फोनवर आपल्या जुन्या घटकांचा हिशेब सांगितला, तेव्हा सूर्योदयापासून वेळ मोजणे त्यांना एकदम परिचयाचे वाटले.

उत्तर २ : कोथरूडमधील एक पालक

सेवाकार्याचा मला अनुभव नाही, परंतु माझी दोन्ही मुले घरीच शिकली, म्हणून प्रवेशाबद्दल लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद आहे, त्यामुळे सातवीची चिंता करू नये. तरीही रोजच्या अभ्यासाची तारीखवार नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक विषयाची एकेक वही जपून आणावी. पुढे मुक्काम वाढलाच, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि उत्तीर्ण झालेले विषय पाच वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तीच आधार धरावीत, म्हणजे परतल्यावर धागा तुटलेला वाटणार नाही.

उत्तर ३ : मिशनरी आईचा मुलगा, आता दौंड तालुक्यात

वरच्या ताईंचे बहुतेक म्हणणे मला पटते. माझ्या आईनेही परदेशात आम्हा तिघांना घरीच शिकवले. तिला थकलेली मी पाहिली आहे, म्हणून एक आग्रहाने सांगतो की, एक विषय आणि आठवड्यातली एक सकाळ वडिलांनी घ्यावी. आमच्या घरी ते कधी झाले नाही, आणि आईने हिवतापाने अंथरूण धरलेले असतानाही आम्ही तिच्या उशाशी बसून पाढे म्हणत असू.

आमच्या घरापासून पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन जवळ आहे, त्यामुळे त्यांची आठवण सहज होते. त्यांच्या आईला, लक्ष्मीबाईंना, दिवसभर घरकाम, पाहुणे आणि पतीचे विद्यार्थी यांतून सवड मिळत नसे, म्हणून त्या लेकीला पहाटे मायेने उठवून संस्कृत शिकवत, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. तुमच्याही घरी आठच्या आतली वेळ कामांत जाऊ न देता, तिच्यातला अर्धा तास मुलीसाठी काढता आला तर पाहा. मराठीसाठी मोठ्याने वाचन हवे, ते आजीने फोनवरून करावे. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे चार वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा होतात आणि आजीचा दिवा लावून झालेला नसतो.

वडगावशेरीची आई

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. पंचांशी बोलण्यासाठी येत्या रविवारी उपासनेनंतरची वेळ मागून घेतली आहे. यजमानांनी गणित आणि शनिवारची सकाळ स्वतःकडे घेतली. रोज साडेसहाला फोनवर एक धडा वाचून दाखवण्यास सासूबाई तयार आहेत. चौथी ते सातवीच्या मराठी पुस्तकांचा एक संच त्यांच्यासाठी वेगळा, मोठ्या अक्षरांत छापून घ्यावा, असे त्यांनीच सुचवले.