हिवाळ्यात घरातली अझेलिया: आपला अनुभव लिहा

नाताळच्या सुमारास युरोपातल्या दुकानांत कळ्यांनी भरलेल्या अझेलियाच्या कुंड्या मांडल्या जातात. ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सी या आशियाई झुडपापासून झालेल्या या जाती बेल्जियममधील गेंट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जातात आणि 'गेंटची अझेलिया' या नावाला २०१० पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही आहे. इतक्या निगुतीने वाढवलेले झाड फुले ओसरताच बहुतेक घरांतून कचऱ्यात जाते. ज्यांनी ते दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत टिकवले, किंवा ज्यांना टिकवता आले नाही, त्यांनी नेमके काय केले ते तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करते.

म्युनिक (धागाकर्ती): पहिली अझेलिया मी पंधरा दिवसांत घालवली. दिवाणखान्यात २२ अंश तापमान, खिडकीखाली रेडिएटर आणि त्यावरच्या फळीवर कुंडी! कळ्या तपकिरी होऊन न उमलताच गळल्या, तेव्हा मला वाटले की झाडाला थंडी बाधली. प्रत्यक्षात ते उष्णतेने आणि कोरडेपणाने गेले होते. कुंडीतून काढून पाहिले तर वरची माती ओली, पण मुळांचा गोळा आतून भुसा झालेला. या झाडांना पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत, लावलेले असते आणि पीट एकदा पुरते सुकले की वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते, आत मुरत नाही. आता मी माती न चाचपता कुंडी उचलून पाहते. हलकी लागली की पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस-तीस मिनिटे, ठेवते आणि मग पूर्ण निथळू देते. झाडाची जागा झोपण्याच्या खोलीत, जिथे हीटर बंद असल्यामुळे १२ ते १५ अंशच असतात. तिथे फुले आठवडेच्या आठवडे टिकतात. इथले नळाचे पाणी चुन्याचे असल्यामुळे पावसाचे पाणी पिंपात साठवते.

उट्रेख्ट: बादलीचा उपाय उत्तम, पण निथळणे विसरू नये. मी कुंडी शोभेच्या बंद भांड्यात ठेवली आणि तळाशी साचलेल्या पाण्यात मुळे कुजली. तेवढाच माझा अनुभव.

टोरांटो: आमच्याकडे घर तापवणाऱ्या भट्टीतून गरम हवेचे झोत येतात, त्यामुळे जानेवारीत हवा इतकी कोरडी होते की पानांच्या मागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) सहज होतो. मी दर आठवड्याला पाने खालून कोमट पाण्याने धुते आणि कुंडी खड्यांच्या ताटलीवर ठेवते. (ताटलीचा उपयोग कितपत होतो याची मला शंका आहे, धुण्याचा निश्चित होतो.) घरात मांजर असेल तर मात्र हे झाड आणूच नये, कारण त्याच्या पानाफुलांतले ग्रेयानोटॉक्सिन विषारी असते.

पुणे: माझी अडचण उलटी आहे. डिसेंबरातल्या रात्री अझेलियाला मानवतात, हीटरचा प्रश्नच नाही. पण बोअरच्या पाण्याने पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. या झाडाला आम्लधर्मी माती लागते आणि क्षार साचले की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. माती बदलली, चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले) दिले आणि पिण्याचे आरओचे पाणी घालू लागलो. आरओतून बाहेर टाकलेले पाणी चुकूनही घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात. नवी पाने हिरवी आली, फुले मात्र दुसऱ्या वर्षी मोजकीच.

टोरांटो: म्युनिककरांना एक विचारते. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली कुंडी आत नेमकी कधी आणता?

म्युनिक (धागाकर्ती): पहिल्यांदा दव गोठण्याचा अंदाज येईपर्यंत बाहेरच, अर्धवट सावलीत. उन्हाळ्याच्या अखेरीस धरलेल्या कळ्यांना सहा-आठ आठवडे १० अंशांच्या आसपासचा गारवा मिळावा लागतो. गेल्या वर्षी मी सप्टेंबरातच घाईने आत आणली आणि पानेच पाने पाहत बसले. छाटणी मात्र फुले ओसरताच उरकते, जूननंतर कात्री लावत नाही.