ट्रकचे इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवण्यासाठी सुरक्षित व्यवस्था कशी असावी?

चासी_विटा (प्रश्न)

नमस्कार. विटा परिसरात माझे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे. ऊस हंगामाच्या तोंडावर सगळ्या वाहनमालकांना एकाच वेळी जाग येते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंजिने आणि गिअरबॉक्स उतरवण्याचे काम फार वाढते. सध्या माझ्याकडे लोखंडी पाइपांची तिपाई आणि दोन टनांची चेन कुप्पी (साखळी ओढून वजन उचलण्याचे साधन) आहे, तिच्यावर इंजिन निघते. गिअरबॉक्स मात्र अजून जुन्याच पद्धतीने उतरतो. दोन मुले गाडीखाली उताणी झोपतात आणि बोल्ट सुटले की तो हातांवर आणि छातीवर झेलतात. ही पद्धत मला कायमची बंद करायची आहे.

पत्र्याच्या शेडच्या कैच्यांना (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना) आडवा बीम जोडून त्यावर कुप्पी टांगावी, की चाकांची इंजिन क्रेन घ्यावी? तसेच इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या अवस्थेत काढणे योग्य की वेगवेगळे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कार्यशाळा_निवृत्त

आपण गिअरबॉक्सचा प्रश्न स्वतःहून मांडला, याचा आनंद वाटला. मी एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी केली आहे आणि माझ्या मते आपल्या गॅरेजमधील सर्वांत धोक्याचे काम हेच आहे. इंजिन उचलताना सगळे जण आपोआप सावध होऊन लांब उभे राहतात, पण गिअरबॉक्स उतरवताना मात्र माणूस ओझ्याच्या खालीच असतो. मोठ्या ट्रकचा गिअरबॉक्स दीडशे ते अडीचशे किलोपर्यंत भरतो. शेवटचा बोल्ट निघाला की तो सरळ खाली येत नाही. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा इंजिनाकडे जाणारा दांडा) क्लच प्लेटमध्ये अडकलेला असल्यामुळे आधी मागचे टोक झुकते आणि मग सगळे वजन एकदम सुटते. इतके वजन अर्ध्या फुटावरून आले तरी छातीच्या फासळ्या ते सोसत नाहीत.

यासाठी गिअरबॉक्स जॅक घ्यावा. त्याची वरची बैठक पुढे-मागे आणि आडवी कलती करता येते आणि गिअरबॉक्स तिला साखळीने किंवा पट्ट्याने बांधता येतो. बांधल्याशिवाय शेवटचे बोल्ट काढू नयेत. साध्या ट्रॉली जॅकच्या वाटीवर गिअरबॉक्स तोलून धरणे म्हणजे जॅक न वापरण्यासारखेच आहे. दुसरी गोष्ट, बेल हाऊसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागाचे) वरचे दोन बोल्ट काढल्यावर त्या जागी डोके कापलेले लांब बोल्ट बसवावेत. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे सरकतो आणि बसवतानाही तेच बोल्ट वाट दाखवतात. गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिले तर क्लच प्लेटचा हब वाकतो आणि पायलट बेअरिंग (त्या शाफ्टचे पुढचे टोक पेलणारे बेअरिंग) खराब होते. मग गाडी रस्त्यावर गेल्यावर क्लच नीट सुटत नाही आणि गिऱ्हाईक परत येते. म्हणजे मुलांच्या जिवासाठी जे करायचे, तेच कामाच्या दर्जासाठीही करायचे आहे.

आता इंजिनाबद्दल. कुप्पीवर दोन टन लिहिले आहे म्हणून बहुतेक जण निर्धास्त असतात, परंतु साखळीच्या दोन पायांवरचा, म्हणजे कुप्पीच्या हुकापासून इंजिनापर्यंत उतरणाऱ्या दोन भागांवरचा, ताणही पाहावा लागतो आणि तो कोनावर ठरतो. समजा इंजिन 600 किलोचे आहे आणि त्याच्या पुढच्या-मागच्या उचल-हुकांमध्ये 90 सेंटिमीटर अंतर आहे. साखळी जमिनीशी 60 अंशांत असेल, म्हणजे कुप्पीचा हुक त्या दोन हुकांच्या सुमारे 78 सेंटिमीटर वर असेल, तर प्रत्येक पायावर साधारण 346 किलो येतात. हाच कोन 45 अंशांवर आला की 424 किलो होतात. उंची कमी पडते म्हणून साखळी आखूड करून कोन 30 अंशांवर आणला तर प्रत्येक पायावर पूर्ण 600 किलो येतात, शिवाय दोन्ही हुक आतल्या बाजूला ओढले जाऊन वाकतात. उंची कमी असेल तर मध्ये आडवी दांडी, म्हणजे स्प्रेडर बीम, घालावा.

साखळीच्या कड्या नट-बोल्टने जोडू नयेत. उचलण्याच्या कामासाठीची ग्रेड 80 ची साखळी किंवा क्षमतेची चिठ्ठी शाबूत असलेला पट्टा वापरावा. पट्ट्याचा रंग क्षमता सांगतो: जांभळा एक टन, हिरवा दोन टन, पिवळा तीन टन. पट्टा हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) किंवा सम्पच्या (खालच्या ऑइल टाकीच्या) धारेवरून जात असेल तर मध्ये रबराचा जाड तुकडा घालावा. आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) वापरायचा झाल्यास तो कॉलरपर्यंत पूर्ण बसलेला असावा. 12 मिलिमीटरचा प्रमाणित आय बोल्ट सरळ ओढीला 340 किलोंचा असतो आणि 45 अंशांच्या ओढीत 240 किलोंवर येतो. मॅनिफोल्डला (इंजिनाच्या हवा-धुराच्या नळ्यांना) साखळी कधीही बांधू नये.

उभारणी_अभियंता

कैच्यांना बीम जोडण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. पत्र्याच्या शेडची कैची पत्र्याचे वजन आणि वारा यांचा हिशेब करून बांधलेली असते. एका बिंदूवर टांगलेले ओझे तिच्या हिशेबात धरलेलेच नसते. चार मीटरच्या गाळ्यात बीमच्या मधोमध एक टन टांगले तर एक टन-मीटर इतका बेंडिंग मोमेंट (बीम वाकवणारा जोर) येतो, आणि कुप्पीच्या झटक्यामुळे तो आणखी वाढतो. बीम हवाच असेल तर तो स्वतःच्या खांबांवर आणि स्वतःच्या पायावर उभा करावा, आणि त्याचे माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्यावे. फॅब्रिकेटरच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

इंजिन क्रेन घेताना तिच्या भुजेवरील भोके पाहावीत. दोन टन ही क्षमता भुजा पूर्ण आत असतानाची असते. शेवटच्या भोकापाशी अनेक क्रेनवर 500 किलोच लिहिलेले आढळते. ट्रकचे इंजिन बंपरच्या बरेच मागे आणि चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये खोल बसलेले असल्यामुळे भुजा नेमकी पूर्ण लांब करावी लागते. आपल्या कामासाठी स्वतंत्र खांबांवरची गॅन्ट्री (आडव्या बीमवर कुप्पी टांगण्याची चौकट) मला अधिक योग्य वाटते.

1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 29 ने उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली होती. छोटे गॅरेज अशा नियमाच्या कक्षेत येत नसले तरी ही शिस्त आपण स्वतःहून पाळावी.

चासी_विटा

आपणा दोघांचे मनापासून आभार. गॅन्ट्री उभी राहीपर्यंत तिपाईवरच काम करावे लागेल. त्यात काय सांभाळावे? आणि ट्रॅक्टर मध्यभागी सोडवून त्याचे दोन भाग करतानाही हीच पद्धत चालेल का?

नांगर_ते_नोजल

तिपाईचे तिन्ही पाय तळाशी एकमेकांना साखळीने बांधावेत. गुळगुळीत कोब्यावर पाय बाहेर सरकले की ओझ्यासकट सगळे खाली येते. कुप्पीचा हुक ओझ्याच्या बरोबर वर असावा. तिरपी ओढ दिली की एक पाय उचलला जातो. सुरुवातीला ओझे चार बोटे उचलून काही मिनिटे तसेच ठेवावे. ते हळूहळू खाली येत असेल तर कुप्पीच्या ब्रेकमध्ये दोष आहे, ती त्याच क्षणी बाजूला काढावी.

ट्रॅक्टरचे गणित वेगळे आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना चासी नसते, इंजिन आणि गिअरबॉक्सचे घर हाच त्याचा कणा असतो. शिवाय पुढचा ॲक्सल मधल्या एकाच पिनवर डुलतो. त्यामुळे दोन भाग सुटे होताच पुढचा भाग बाजूला कलंडू शकतो. बोल्ट सैल करण्याआधी ॲक्सल आणि त्याच्या वरच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात, दोन्ही भागांखाली भक्कम घोड्या (आधाराचे स्टँड) लावाव्यात आणि एकच भाग सरळ रेषेत सरकवावा.

कार्यशाळा_निवृत्त

एकत्र की वेगळे, याचे उत्तर राहिले होते. क्लचचे काम असेल तर फक्त गिअरबॉक्स खालून काढावा. पूर्ण इंजिनाचे काम असेल तर काही जण दोन्ही एकत्र काढतात, पण जोडलेल्या अवस्थेत तोल बराच मागे जातो आणि इंजिनाचे उचल-हुक तेवढ्या वजनासाठी असतीलच असे नाही. कंपनीच्या पुस्तिकेत तशी परवानगी नसेल तर मी आधी गिअरबॉक्स आणि मग इंजिन, हाच क्रम ठेवीन.

तिपाईबद्दल एक भर घालतो. इंजिन टांगलेले असताना तिपाई हलवू नये. इंजिन वर घेऊन गाडी मागे ढकलावी आणि इंजिन लगेच स्टँडवर उतरवावे. मात्र एअर ब्रेकच्या गाडीत टाकीतील हवा संपली की स्प्रिंग ब्रेक मागची चाके धरून ठेवतात. गाडी ढकलण्यासाठी बाहेरच्या कॉम्प्रेसरची हवा द्यावी लागते किंवा ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून ठेवावी लागते, आणि त्या क्षणापासून गाडीला कोणताही ब्रेक राहत नाही. काही हलक्या ट्रकांत तर हँडब्रेक गिअरबॉक्सच्याच मागच्या टोकाला असतो, म्हणजे गिअरबॉक्सबरोबर तोही निघून जातो. म्हणून चाकांना लाकडी गुटके आधी लावावेत, गाडी ढकलताना एका माणसाने गुटका हातात घेऊन चाकाबरोबर बाजूने चालावे, आणि कॅबिन कलते केले असेल तर त्याचा आधारदांडा अडकल्याची खात्री केल्याशिवाय कोणीही त्याखाली वाकू नये.