शाळेतील व्यसनमुक्ती कार्यक्रमाचा परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न (शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा):
आमच्या शाळेत आठवी-नववीसाठी तंबाखूविरोधी कार्यक्रम होतो. शपथ, प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, डॉक्टरांचे व्याख्यान. अहवालात उपस्थिती आणि चाचणीतील गुण एवढेच लिहावे लागते. मधल्या सुटीनंतर मात्र कुंपणालगत खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाच्या) पन्न्या पडलेल्या असतातच. मुलांच्या वागण्यात खरोखर फरक पडला का, हे कसे ठरवावे?

उत्तर १ (सार्वजनिक आरोग्य):
मॅडम, गुणांवरून ते कळणार नाही. तंबाखूने कर्करोग होतो, हे खर्रा घोटून देणाऱ्यालाही माहीत असते. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ या व्यसनविरोधी कार्यक्रमात पोलीस वर्गावर येऊन शिकवत. तो देशभर पसरला, पण १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर मुलांची माहिती काहीशी वाढलेली दिसली, प्रत्यक्ष सेवनावरील परिणाम मात्र नगण्य आढळला.

म्हणून कार्यक्रमापूर्वी आणि नंतर सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: गेल्या तीस दिवसांत खर्रा, नस (तंबाखूची पूड), विडी यांपैकी काही घेतले का? कागदावर नाव नसावे आणि वर्गशिक्षक त्या वेळी वर्गात नसावेत. कार्यक्रम न झालेल्या शेजारच्या शाळेतही हेच करा. महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. अशी घट सर्वत्र होत असेल, तर तिचे श्रेय चुकून आपल्या कार्यक्रमाला दिले जाते. उलट, वयाबरोबर मुलांमधील सेवन वाढत जाते, त्यामुळे आपल्याकडे ते नुसते स्थिर राहिले आणि शेजारी वाढले, तर तेही यशच आहे.

उत्तर २ (व्यसनमुक्ती कार्यकर्ता):
पद्धत योग्य आहे, परंतु चाळीस मुलांच्या वर्गात दोघांनी उत्तर बदलले तरी प्रमाण पाच टक्क्यांनी हलते. तेव्हा तुमच्या केंद्रातील, म्हणजे केंद्रप्रमुखांच्या हाताखालील गटातील, सर्व शाळांची आकडेवारी एकत्र करावी. शिवाय २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. तेवढ्या अंतरातील पानठेले दोन्ही वेळा मोजा, कारण ठेला फाटकासमोरच राहिला तर केवळ व्याख्यानाकडून फार अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

शिक्षिका:
आभारी आहे. आकडा मोठा निघाला तर शाळेची बदनामी होईल, अशी मुख्याध्यापकांना भीती वाटते.

उत्तर १:
ती भीती रास्त आहे आणि तिच्यामुळेच अहवालात ‘निरंक’ लिहिले जाते. शाळानिहाय आकडे जाहीर न करता केवळ केंद्राचा एकत्रित आकडा द्यावा, असे केंद्रप्रमुखांकडून आधीच लेखी ठरवून घ्या.