चार्लव्हिल की ब्राउन बेस? माझं मत फ्रेंच बंदुकीला

गारगोटी:
वॉटर्लूमुळे सगळे इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीचंच कौतुक करतात, पण नुसती बंदूक म्हणून बघा, फ्रेंचांची चार्लव्हिल सरस होती. (चार्लव्हिल हे कारखान्याच्या गावाचं नाव, तसल्याच बंदुका सेंट एटिएनलाही बनायच्या.) १७१७ ला फ्रेंच सरकारने पायदळासाठी एकच नमुना ठरवला आणि १७२८ ला नळी लाकडाला धरून ठेवायला लोखंडी कड्या आणल्या. ब्राउन बेसची नळी बारीक खिळ्यांनी अडकवलेली, साफ करायला काढायची तर एकेक खिळा ठोकून बाहेर काढा, लाकूड चिरलं की संपलं. इकडे कड्या सरकवल्या की नळी हातात, काळ्या दारूची काजळी धुतली की परत बसवा. वर लाकडालाही बळकटी, म्हणजे संगीन लावून भिडल्यावर दांडा सहज मोडणार नाही. शिवाय नळी १७.५ मिमीची, गोळी लहान, तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या.

दारूगोळा:
लहान गोळी हा फायदा कसा काय? फ्रेंच गोळी साधारण २४ ग्रॅमची, इंग्रजी ३२ च्या आसपास, अंगात घुसल्यावर कोणती जास्त नुकसान करेल? आणि तुम्ही बंदूक धरून बसलात, दारूचं काय? प्लासीनंतर बंगाल-बिहारचा सोरा (बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक) इंग्रजांच्या मुठीत गेला, फ्रान्सला सोऱ्याची मारामार. म्हणून तर १७७५ ला लाव्हॉझिएसारख्या शास्त्रज्ञाला सरकारी दारूच्या कारभारात घ्यावं लागलं. नेपोलियनच्या काळात इंग्रज शिपाई खरी गोळी भरून सराव करायचे, बाकीच्या फौजांपेक्षा जास्त. मिनिटाला ३ बार सरावाने निघतात, कडीने नाही.

गारगोटी:
सोऱ्याचं मान्य. पण लाव्हॉझिएने काही वर्षांतच फ्रेंच दारू सुधारली, आणि त्याच सुमाराला बोमार्शे (हो, तो नाटककारच) एका आडोशाच्या कंपनीतून अमेरिकन बंडखोरांना बंदुका आणि दारू पाठवत होता. पुढे अमेरिकेने स्वतःची बंदूक बनवायला घेतली, १७९५ चं स्प्रिंगफिल्ड मॉडेल, तेव्हा नक्कल कुणाची केली? चार्लव्हिलची! ब्राउन बेस तर तिथे ढिगाने पडल्या होत्या.

सुटे_भाग:
मला यात सगळ्यात मोठी गोष्ट फ्रेंच बंदूककार ऑनोरे ब्लाँची वाटते. त्याने चापाचे (म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणाऱ्या यंत्रणेचे) भाग इतके एकसारखे बनवले की १७८५ ला अमेरिकेचा तिथला वकील जेफरसन याने पॅरिसमध्ये हाताला लागतील ते तुकडे उचलून स्वतः चाप जोडले आणि तसं पत्रात लिहून कळवलं. तोवर एका बंदुकीचा भाग दुसरीला बसवायचा म्हणजे कानस घेऊन बसा.

दारूगोळा:
जेफरसनसमोर जुळले, कबूल. पण ती पद्धत फ्रान्समध्ये रुजलीच नाही. १७९३-९४ ला देश वेढलेला असताना पॅरिसमध्ये घाईघाईने बंदुका काढल्या त्या कारागिरांच्या हातानेच, त्यात बऱ्याच कच्च्या निघाल्या. शिपायाच्या हातात ती आली, ब्लाँची नाही.

मराठा_गडी:
आपल्याकडे फ्रेंचांचं जे आलं ते कवायत. गारदी (कवायती शिपाई) हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आलाय असं म्हणतात, इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला. महादजींचा युरोपियन सेनापती द बॉयनसुद्धा तरुणपणी फ्रेंच फौजेत होता, त्याने पलटणी उभ्या केल्या तेव्हा बंदुका आग्र्यालाच घडवून घेतल्या. म्हणजे मी दारूगोळाच्या बाजूने, कवायत आधी.

गारगोटी:
कवायत हवीच हो, पण ती बंदुकीची जागा घेत नाही. आणि कड्यांचं एकच सांगतो, इंग्रजांनी १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीला शेवटी कड्याच लावल्या, फ्रेंचांनंतर १२५ वर्षांनी. तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून १८५७ ला आपल्याकडे आग लागली.

दारूगोळा:
एनफिल्डच्या कड्या मान्य, तिथे मी हरलो. पण तिचा पल्ला आला तो नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांमुळे. तुमच्या चार्लव्हिलची नळी गुळगुळीत, गोळी आत जवळजवळ १ मिमी सैल, १०० पावलांपुढे एकट्या माणसाला नेम धरून मारणं तिलाही जमत नव्हतं आणि ब्राउन बेसलाही.