मदत हवी आहे: दुचाकी नसताना कोल्हापुरात कसं फिरायचं? (सोबत आई, वय ७६)

वऱ्हाडची_लेक

नमस्कार. मी अकोल्याची. जूनपासून शिवाजी विद्यापीठात रुजू व्हायचं आहे, म्हणजे निदान तीन वर्षं कोल्हापुरात मुक्काम. सोबत आई येणार. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. चालते, पण सावकाश. अर्धा किलोमीटर झाला की टेकायला जागा लागते. दुचाकीवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि मला तशीही गाडी येत नाही.

खरी काळजी वेगळी आहे. अकोल्यात आई एकटी बाहेर पडते. भाजी, देऊळ, मैत्रिणीकडे पोथी, सगळं तिचं ती बघते. बाबा गेल्यावर या रोजच्या बाहेर पडण्यानेच ती सावरली. मी सकाळी नऊला निघणार, सहाला परतणार. नव्या गावात ती दिवसभर दाराकडे डोळे लावून बसली तर मला ते सहन होणार नाही.

मार्चमध्ये आम्ही दोघी चार दिवस येऊन गेलो. महाराष्ट्र एक्सप्रेस अकोल्याहून थेट कोल्हापूरला जाते, त्यामुळे प्रवास लांबचा असला तरी निभावला. गोंधळ झाला तो गावात. शिवाजी चौक, शिवाजी पेठ, शिवाजी पूल, शिवाजी उद्यमनगर आणि शिवाजी विद्यापीठ ही पाच ठिकाणं पाच दिशांना आहेत, हे आम्हाला रिक्षात बसल्यावर कळत गेलं. घर दाखवणाऱ्या गृहस्थांनी "स्टॅण्डवर थांबा" असं सांगितलं. आम्ही रंकाळ्याजवळ होतो, तिथलं स्टॅण्ड गाठलं. ते मध्यवर्ती बसस्थानकावर. पाऊण तास आई उन्हात पिशवीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या शहर बसने, जायचं ठरवलं, तर थांब्यावर पाटी नाही, बस कधी येईल ते कुणाला सांगता येईना. आली तेव्हा पायरी इतकी उंच की वाहकाने खाली उतरून हात दिला, तेव्हा आई चढली. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले.

घर कुठल्या भागात बघू? रिक्षावर रोज भिस्त ठेवता येते का? अंबाबाईला आईला एकटीला जाता येईल का? कुणी अशा वयाच्या माणसाला घेऊन राहिलं असेल तर त्यांचं जरूर ऐकायचं आहे.

गंगावेशकर

ताई, कोल्हापुरात स्वागत. तुमची चूक नाही, आम्ही पत्ता सांगतो तोच बाहेरच्याला समजत नाही. नुसतं "स्टॅण्ड" म्हटलं की मध्यवर्ती, म्हणजे सीबीएस. तिथून रेल्वे स्टेशन चालत जाण्यासारखं आहे. रंकाळा स्टॅण्ड आणि संभाजीनगर स्टॅण्ड ही दोन कायम नाव घेऊन सांगायची. "गावात जायचंय" म्हणजे महाद्वार रोड, गुजरी, शिवाजी चौक हा भाग. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. बाकी खुणा तालमींच्या आणि मंडळांच्या. रिक्षावाल्याला घरनंबर सांगून उपयोग नाही, जवळची तालीम सांगा, दारात सोडतो.

घरासाठी राजारामपुरी बघा. गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे नवखा माणूस चुकत नाही. मेन रोडला भाजी, औषधं, दवाखाने सगळं आहे. पुढे सायबर चौकावरून तुमचं विद्यापीठ सरळ.

बदलीची_नोकरी

घर बघताना पुराचं पाणी कुठवर येतं ते आधी विचारा. मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत भाड्याने राहत होते. स्टेशन जवळ, बाजार जवळ म्हणून हौसेने घेतलेलं घर. पंचगंगा चढली की तिचं पाणी जयंती नाल्यातून मागे फुगतं आणि व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, शाहूपुरीचा सखल भाग पाण्यात जातो. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी असतात, तुम्हीही लक्षात ठेवा. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की पुण्याकडची वाट तुटते. आईंची औषधं जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याभराची घरात असू द्या.

राजारामपुरी उंचावर आहे, त्याला माझा पाठिंबा. फक्त स्टॅण्डवरून तिकडे येताना रेल्वेच्या परीख पुलाखालून यावं लागतं. जोराचा पाऊस झाला की त्याच्याखाली पाणी साठतं. तेव्हा रिक्षा दुसऱ्या रस्त्याने नेली तर घाबरू नका.

मंगळवार_पेठ

माझं मत वेगळं आहे. सगळे तुमच्या ऑफिसपासून घर मोजतायत. घर काकूंच्या दिवसापासून मोजा. तुम्ही तरुण आहात, केएमटीला थांबाल, नाही आली तर रिक्षा कराल. काकूंना मात्र दारातून बाहेर पडल्यावर माणसं दिसली पाहिजेत.

माझी आजी ८१ वर्षांची आहे, गुडघे तुमच्या आईसारखेच. आम्ही मिरजकर तिकटीजवळ राहतो. ती सकाळी आठच्या आत एकटी देवीला जाते. मध्ये दोन दुकानांच्या पायऱ्या तिच्या ठरलेल्या आहेत, तिथे बसते, दुकानदार पाणी विचारतो. दर्शनाच्या मोठ्या रांगेत उभी राहत नाही, मुखदर्शन घेते. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार टाळते, नवरात्रात तर जातच नाही. येताना कपिलतीर्थ मंडईतून मेथीची पेंडी घेऊन येते. एखाद्या दिवशी दमली तर रिक्षा स्टॉपवरची पोरं ओळखीची आहेत, घरी आणून सोडतात.

पेठेत घर घेताना तळमजलाच घ्या. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, ते काकूंना झेपणार नाहीत.

गंगावेशकर

हे पटलं. मी विद्यापीठाच्याच अंगाने विचार करत बसलो होतो. एक भर घालतो: सणासुदीला आणि सुट्टीत देवळाच्या आसपास वाहनं अडवतात. तेव्हा रिक्षा बिंदू चौकात सोडायची आणि भवानी मंडपातून चालत जायचं.

आणि काकूंचं वय ७५ च्या पुढे आहे, त्यांना एसटी मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला दोघींनी जाऊन या. ही सवलत एसटीची, केएमटीला ती धरून चालू नका.

वऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवार_पेठ, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. दोन दुकानांच्या पायऱ्यांपाशी तिने मला थांबवलं आणि "परत वाच" म्हणाली. मग विचारलं, त्या आजींना पोथी ऐकायला आवडते का.

तर पेठेतच बघायचं ठरलं, तळमजला, मिरजकर तिकटीच्या आसपास. राजारामपुरीत पाहिलेलं घर छान होतं, माझी रोजची धावपळही वाचली असती, पण ते सोडते. पुढच्या आठवड्यात चार दिवसांसाठी येतेय. एकच विचारायचं राहिलं: तिकटीवरून सकाळी नऊच्या सुमाराला विद्यापीठाकडे जायला रिक्षा सहज मिळते का? मीटरने येतात का?

मंगळवार_पेठ

मिळते. मीटर टाकायला आधीच सांगायचं. पहिल्या दिवशी आमच्या स्टॉपवरच्या एकाला मी सांगून ठेवतो. आजीला पोथी आवडते. डोळ्यांमुळे आता वाचता येत नाही तिला, कुणी वाचून दाखवणारं हवंच आहे. काकूंना घेऊनच या घर बघायला.