मदत हवी आहे: ग्रुप २ राहिलाय, मार्च क्लोजिंग डोक्यावर, मे द्यावा की सप्टेंबर?

मृण्मयी_को: लवकर सांगा प्लीज, फॉर्मची तारीख जवळ आलीय. माझा ग्रुप २ राहिलाय आणि जॉब फुल टाइम. सकाळी पावणेआठला वनाजहून मेट्रो, रामवाडीला उतरून शेअर रिक्षाने खराडी, घरी यायला साडेआठ. जेवून सव्वानऊला पुस्तक उघडते. काल जीएसटीतल्या प्लेस ऑफ सप्लायचं एकच पान तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचता वाचता त्यावरच झोपले, आईने येऊन दिवा बंद केला. मॅनेजर म्हणतो एप्रिलमध्ये सुट्टी मागूच नका. मे की सप्टेंबर?

पेठकर: कसला ग्रुप २? सीए का सीएमए, इंटर का फायनल? आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची ट्रेनिंग) चालू असेल तर फुल टाइम जॉब करताच येत नाही.

मृण्मयी_को: सीए फायनल, अजून कसला. आर्टिकलशिप केव्हाच झाली.

धायरीचे काका: पहाटे चारला उठ बाळा. मी बँकेत असताना सीएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा अशीच काढली, पीएमटीची पहिली बस रस्त्यावर यायच्या आत माझे दोन तास झालेले असायचे. रात्रीचं वाचलेलं डोक्यात राहत नाही.

निखिल_वाकड: काका, चारला उठायचं तर दहाला झोपायला हवं, ती नऊला जेवतेय. मी रात्रीच अभ्यास करून पास झालो, ज्याचं त्याला जमतं. सदाशिव पेठेत अभ्यासिका लाव, घरी झोप येणारच.

पेठकर: आमच्याकडे अभ्यासिकांत सगळी एमपीएससीची मुलं, शनिवार-रविवारी टेबल मिळत नाही. आणि खराडीहून येऊन परत पेठेत कधी जाणार ती?

सौरभ_एसी: एसीसीए बघ, ब्रिटनची अकाउंटन्सीची परीक्षा. वर्षात चार वेळा परीक्षा, एकेक पेपर देता येतो, जॉबवाल्यांना सोपं जातं.

निखिल_वाकड: अरे तिचा शेवटचा ग्रुप राहिलाय आणि तू तिला पहिल्यापासून सुरू करायला सांगतोस?

ऋता_सीए: मृण्मयी, मागचा अटेम्प्ट कधी दिलास आणि मार्क किती? त्याशिवाय मे का सप्टेंबर कसं सांगणार?

मृण्मयी_को: जानेवारीत. डीटी (डायरेक्ट टॅक्स) ५३, आयडीटी (इनडायरेक्ट टॅक्स, म्हणजे जीएसटी वगैरे) ३६, आयबीएस (सगळे विषय एकत्र असलेला केस स्टडीचा पेपर) ६२. टोटल १५१ झाली होती, आयडीटीच्या चार मार्कांनी ग्रुप गेला. अजून वाईट वाटतंय.

ऋता_सीए: अगं, हे आधी सांगायचं ना! ६० च्या वर म्हणजे आयबीएसला एक्झम्प्शन आहे तुला, तो पेपर परत द्यायचा नाही. ते पुढच्या तीन अटेम्प्टपुरतंच चालतं आणि २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, म्हणजे पूर्वी दीड वर्ष पुरायचं ते आता वर्षात संपतं. मे सोडलास की त्यातला एक गेला. हिशोब कर, ग्रुपला १५० लागतात, ६२ धरले जाणार, राहिले ८८. दोन पेपरांत ४४-४४, कुठेही ४० च्या खाली नको. डीटीला तुझे ५३ आलेत, म्हणजे रोजचा वेळ आयडीटीला दे. मीही क्लोजिंग सांभाळून दिलाय गं, ३० मार्कांच्या एमसीक्यू मी सगळ्या प्रवासातच केल्या, लिहायची प्रॅक्टिस फक्त रविवारी. डीटीच्या जुन्या नोट्स उघडायच्या आधी एक बघ, आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, मे महिन्याच्या परीक्षेला जुना की नवा ते इन्स्टिट्यूटच्या साइटवर वाच.

सुजाता_ताई: माझी भाची बारावी कॉमर्सला आहे, तिने सीए फाउंडेशन आधी द्यावं की डिग्री करावी?

पेठकर: ताई, वेगळा धागा काढा ना.

धायरीचे काका: वनाज ते रामवाडी मेट्रोत बसायला जागा मिळते का त्या वेळेला? रामवाडीहून वाघोलीपर्यंतचा मार्ग २०२५ मध्ये मंजूर झालाय, तो झाला की खराडीवाल्यांचे हाल संपतील.

मृण्मयी_को: काका, वनाजला गाडी सुरूच होते त्यामुळे मिळते, येताना नाही. ऋताताई, एक्झम्प्शन आहे हे माहीत होतं पण ते असं संपेल हे लक्षातच आलं नाही. फॉर्म भरला आत्ता. उद्या मॅनेजरकडे दोन पेपर आणि आदले दिवस असे चार दिवस मागते, एप्रिलमधला एकही नाही. आयडीटीच्या एमसीक्यूचं वापरलेलं पुस्तक कुणी देईल का? कोथरूडमध्ये कुठेही येऊन घेईन.

निखिल_वाकड: माझ्याकडे आहे, पण २०२४ चं.

ऋता_सीए: ते नको घेऊस. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदललेत, दुरुस्त्याही आहेत. माझ्या बहिणीकडे नवीन आहे, मेसेज कर.